स्टोअरकीपर खरोखर उघडेल असं ईआरपीचं मॅन्युअल कसं लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत प्रेस पार्ट्सचा कारखाना, चाळीसेक माणसं, ईआरपीनेक्स्ट (खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवून झालंय. अधिकृत माहिती इंग्रजीत आणि अफाट, त्यामुळे स्टोअरकीपर आणि अकाउंटंट दोघंही ती उघडत नाहीत. म्हणून तुम्ही एकेक मेनू घेऊन मराठीत मॅन्युअल लिहायला बसलात. चाळीस पानं झाली, तरी "हे लाल काय आलं?" म्हणून रोज फोन येतातच. आता भाषा आणखी सोपी कशी करावी, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते तुमची भाषा पुरेशी सोपी असणार. अडचण रचनेची आहे. मेनूप्रमाणे लिहिलेलं मॅन्युअल सॉफ्टवेअरचं वर्णन करतं. वाचणारा मात्र हातात चलन घेऊन आलेला असतो, बाहेर ट्रकवाला हॉर्न मारत असतो, आणि त्या चलनाचं आता काय करायचं एवढंच त्याला हवं असतं. ते 'स्टॉक' मोड्यूलमध्ये 'पर्चेस रिसीट' या नावाने नोंदवायचं असतं हे त्याला ठाऊक असतं, तर त्याला मॅन्युअल लागलंच नसतं.

डॅनिएल प्रोसिडा यांची डायटॅक्सिस नावाची पद्धत दस्तऐवजाचे चार प्रकार करते: नवख्याला हाताला धरून शिकवणारा, एक काम कसं करायचं ते सांगणारा, संदर्भाचा आणि कारण समजावणारा. तुमची चाळीस पानं संदर्भाची आहेत. फोनवर लोक विचारतात ते दुसऱ्या प्रकारचं. ती पानं फेकू नका. शेवटी संदर्भ म्हणून ठेवा आणि स्टोअरमध्ये मात्र देऊ नका.

पुढचं सगळं लागू पडेलच असं नाही. बीओएम (एका पार्टला कोणता माल किती लागतो ती यादी), गोडाऊनची रचना, कोणाला कोणते अधिकार हे अजून दर आठवड्याला बदलत असेल, तर मॅन्युअल लिहू नका, आधी ते स्थिर करा. सगळ्या नोंदी एकच ऑपरेटर करत असेल तर त्याला पाच-सहा पानं पुरतात. आणि स्टोअरमध्ये कॉम्प्युटरच नसेल, माणूस वहीत लिहून ऑफिसात देत असेल, तर आधी त्या वहीचे रकाने स्क्रीनच्या क्रमाने आखून घ्या. त्या एका बदलाने निम्मे फोन थांबतील.

सुरुवात कागदांपासून करा. एका आठवड्यात गेटवरून, स्टोअरमधून आणि अकाउंट्समधून जाणाऱ्या प्रत्येक कागदाची एकेक झेरॉक्स काढा. प्रेस शॉपमध्ये साधारण हे निघतील: कॉइल किंवा शीटचं चलन, वजनकाट्याची पावती, इश्यू स्लिप, पाळीचा उत्पादन अहवाल, रिजेक्शन नोट, प्लेटिंगला पाठवलेल्या मालाचं चलन (जुनी माणसं त्याला एक्साइजच्या जुन्या नियमावरून अजून सत्तावन्न एफ चार म्हणतात), प्लेटरचं बिल, स्क्रॅपची विक्री, ग्राहकाचं शेड्यूल, डिस्पॅचचं बिल. प्रत्येक कागदाला एक पान. मॅन्युअलची अनुक्रमणिका म्हणजे हीच यादी. मोड्यूलचं नाव त्यात कुठेही येऊ देऊ नका.

एक पान पुरं लिहून दाखवते. त्यातला जीआरएन म्हणजे आलेल्या मालाची नोंद, पीओ म्हणजे आपण दिलेली खरेदीची ऑर्डर. बटणांची नावं इथे देवनागरीत आहेत. तुमच्या पानात ती स्क्रीनवर ज्या लिपीत दिसतात त्याच लिपीत, ठळक छापा.

कॉइलचा ट्रक आला: जीआरएन करणे

कोणी करायचं: स्टोअर. हातात हवं: पुरवठादाराचं चलन, वजनकाट्याची पावती, आपला पीओ नंबर. पीओ नंबर नसेल तर इथेच थांबा आणि खरेदीला फोन करा.

१. 'पर्चेस ऑर्डर'च्या यादीत तो पीओ शोधून उघडा. नावाशेजारी 'टू रिसीव्ह अँड बिल' दिसलं पाहिजे.
२. 'क्रिएट'वर जाऊन 'पर्चेस रिसीट' निवडा.
३. 'सप्लायर डिलिव्हरी नोट' या रकान्यात चलनाचा नंबर लिहा.
४. मालाच्या ओळीत पीओचं वजन आपोआप आलेलं असतं. ते पुसा आणि 'अ‍ॅक्सेप्टेड क्वांटिटी'त काट्याचं निव्वळ वजन किलोमध्ये टाका.
५. गंजलेला किंवा मार लागलेला माल असेल तर तेवढं वजन 'रिजेक्टेड क्वांटिटी'त टाका आणि 'रिजेक्टेड वेअरहाऊस' निवडा. चौथ्या पायरीतून तेवढं कमी करा.
६. माल आधीच आला असून नोंद उशिरा करत असाल तर 'एडिट पोस्टिंग डेट अँड टाइम'वर खूण करा आणि माल खरोखर आला ती तारीख, वेळ टाका.
७. 'सेव्ह' करा. अजून साठ्यात काहीच जमा झालेलं नाही.
८. काट्याची पावती स्क्रीनशी ताडून पाहा. जुळली की 'सबमिट' करा.

झालं का, ते असं पाहा: तोच पीओ परत उघडा. सगळा माल आला असेल तर आता 'टू बिल' दिसेल. काही बाकी असेल तर 'टू रिसीव्ह अँड बिल' तसंच राहील.

पान इथे संपलं. ए-फोरच्या एका बाजूत मावतं, ते स्टोअरच्या भिंतीवर लावता येतं. यातल्या तीन गोष्टी कधी गाळू नका. पहिली म्हणजे 'हातात हवं' ही ओळ. अर्धी नोंद करून माणूस अडकतो तो बहुतेक वेळा कागद हाताशी नसल्यामुळे, आणि मग अर्धवट ड्राफ्टचा ढीग साठतो. दुसरी, थांबायची जागा. कुठल्या परिस्थितीत पुढे जायचं नाही आणि कोणाला विचारायचं, हे लिहिलं नाही तर माणूस अंदाजाने काहीतरी टाकून मोकळा होतो. तिसरी, शेवटची खातरजमा. नवख्याच्या मनातली सर्वांत मोठी भीती 'झालं की नाही' हीच असते. ती फिटली नाही की तो तीच नोंद दुसऱ्यांदा करतो आणि साठा दुप्पट दिसू लागतो.

सातव्या पायरीतलं ते छोटं वाक्यही मुद्दाम घातलंय. सेव्ह म्हणजे कच्ची नोंद, सबमिट म्हणजे पक्की, आणि पक्की होईपर्यंत ना साठा हलतो ना खातं. हा फरक समजावणारं वेगळं प्रकरण लिहिलंत तर ते कोणी वाचणार नाही. जिथे बटण दाबायचंय तिथेच सांगा.

आता त्या लाल चौकटींकडे. मॅन्युअलचा खरा कस इथे लागतो. प्रत्येक त्रुटी-संदेशाचं वेगळं पान करा आणि त्याचं शीर्षक म्हणून स्क्रीनवरचं वाक्य अक्षरशः तसंच ठेवा. घाबरलेला माणूस तेच वाक्य शोधणार. खाली तीन गोष्टी: हे का आलं, आता काय करायचं, काय अजिबात करायचं नाही. तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंइतकीच महत्त्वाची आहे, कारण लाल चौकट घालवायचा एखादा चुकीचा मार्ग नेहमीच हाताशी असतो.

तुमच्याकडे जो हटकून येणार तो घ्या. पीओ १००० किलोचा, काट्यावर भरले १०१२. सबमिट करताच 'हा दस्तऐवज १२ ने मर्यादेबाहेर' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. कॉइलचं वजन पीओशी तंतोतंत जुळत नाही, पण 'स्टॉक सेटिंग्ज'मधली जादा मालाची सूट मुळात शून्य टक्के असते. स्टोअरकीपर काय करतो? १००० टाकतो आणि पुढे जातो. बारा किलो कागदावर कुठेच नाहीत, महिनाअखेरीस साठा जुळत नाही, आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी. या पानावर लिहायचं ते असं: काट्याचं वजन बदलू नका, खरेदीला कळवा. आणि मालकांशी बोलून ती सूट किती टक्के ठेवायची हे एकदाच ठरवून घ्या. म्हणजे या त्रुटीचं अर्धं उत्तर सेटिंगमध्ये आहे. लिहिताना अशी ठिकाणं सापडतात तेव्हा आधी सेटिंग सुधारा, मग पान लिहा. ज्या अडचणीचं मूळ काढता येतं ती समजावत बसण्यात अर्थ नाही.

उलट बाजूही त्याच पानावर हवी. काट्यावर ९९० भरले तर नोंद विनातक्रार होते, पण पीओ उघडाच राहतो आणि 'माल येणे बाकी'च्या यादीत अडकून पडतो. बिल नोंदवून झाल्यावर तो खरेदीने 'क्लोज' करायचा.

दुसरी त्रुटी अधिक छळते. स्क्रीनवर शिल्लक १०१२ किलो दिसते, तरी उत्पादनाची नोंद करताना माल कमी असल्याचा संदेश येतो. चांगली जाणती माणसं इथे चक्रावतात. कारण असं: कॉइल काल संध्याकाळी सातला आली, रात्रपाळीने नऊला वापरायला घेतली, पण जीआरएन आज सकाळी दहाला झाला आणि त्यावर दहाचीच वेळ पडली. आता उत्पादनाची नोंद कालच्या रात्री नऊची टाकली की सॉफ्टवेअर त्या क्षणाची शिल्लक पाहतं. ती शून्य. साठ्याचा हिशोब पोस्टिंगच्या तारखेने आणि वेळेने लागतो, नोंद कधी टाइप केली याने नाही. इथे उपाय म्हणजे जीआरएन 'कॅन्सल' करून, 'अमेंड' करून खरी वेळ टाकून पुन्हा सबमिट करणं. मूळ पानातली सहावी पायरी यासाठीच आहे. आणि काय करायचं नाही? 'अलाऊ निगेटिव्ह स्टॉक' चालू करायचं नाही. लाल चौकट जाते खरी, पण साठा शून्याखाली गेला की मालाचा दर चुकतो, तिथून पार्टची किंमत चुकते, आणि ते अकाउंटंटला वर्षअखेरीला कळतं. ही साखळी पानावर दोन वाक्यांत लिहाच. कारण कळलं की मनाई पाळली जाते, नुसतं 'करू नये' लिहिलेलं कोणी पाळत नाही.

या दोन प्रकारच्या पानांखेरीज एक पान असं हवं जे स्टोअरसाठी नाही, नवीन आयटम उघडणाऱ्यासाठी आहे: परत न फिरणारे निर्णय. सबमिट झालेली नोंद कॅन्सल करता येते, पण काही खुणा व्यवहार सुरू झाल्यावर बदलता येत नाहीत. आयटमचं साठ्याचं एकक हे पहिलं. कॉइल 'नंबर'मध्ये उघडली आणि दोन जीआरएन झाले, की ती थेट किलोवर नेता येत नाही. नवा आयटम उघडून साठा तिकडे वळवावा लागतो. 'मेन्टेन स्टॉक', बॅच आणि सीरियल नंबरच्या खुणाही तशाच. आयटम उघडण्याच्या पानावर सगळ्यात वर, पहिल्या पायरीच्याही आधी, हे चार निर्णय आणि ते कोणी घ्यायचे ते लिहा.

त्याच पानाजवळ बीओएमचा एक बारकावा. दशांशानंतर तीन अंक, ही सॉफ्टवेअरची मूळ मांडणी. १२.५ ग्रॅमचा वॉशर किलोत लिहायला गेलात की ०.०१२५ होतो आणि तो पूर्णांकित होऊन ०.०१२ किंवा ०.०१३ राहतो. अर्ध्या ग्रॅमचा फरक. एक लाख नगांवर ५० किलो. यासाठी बीओएम एका नगाचा करू नका. १००० नगांचा करा आणि समोर १२.५ किलो लिहा. दशांश वाढवायची सोय सिस्टिम सेटिंग्जमध्ये आहे, पण ती सगळ्या स्क्रीनवर लागू होते. छोट्या पार्टसाठी हजाराचा बीओएम मला जास्त बरा वाटतो, कारण शॉपफ्लोअरवरचा माणूसही हजारी वजनातच बोलतो.

अकाउंटंटसाठी वेगळ्या वळणाने लिहावं लागतं. तो नवखा नाही, त्याचा हात टॅलीवर बसलेला असतो. त्याला पहिलं पान द्या ते जुळवणीचं, टॅलीची कोणती की म्हणजे इथे काय: एफ-एटची विक्री म्हणजे इथे 'सेल्स इनव्हॉइस', एफ-नाइनची खरेदी म्हणजे 'पर्चेस इनव्हॉइस', एफ-फाइव्ह आणि एफ-सिक्स दोन्ही 'पेमेंट एंट्री'त, एफ-सेव्हन म्हणजे 'जर्नल एंट्री'. मग लगेच जिथे जुळत नाही ते. टॅलीच्या सवयीप्रमाणे व्हाउचर उघडून आकडा सुधारायला जाल तर इथे ते होत नाही. आधी कॅन्सल, मग अमेंड, आणि नव्या दस्तऐवजाच्या नंबरामागे '-१' लागतो. कंपनी असेल तर हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणं १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे, हेही सांगा. म्हणजे अडवणूक का होते ते त्याला पटतं.

याच ठिकाणी एक गफलत लपलेली आहे. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक १६ अक्षरांच्या वर जाता कामा नये. ईआरपीनेक्स्टची विक्री बिलाची मूळ मालिका तीन अक्षरं, चार अक्षरं, चार आकडी वर्ष, पाच आकडी क्रमांक आणि मधल्या तीन रेषा मिळून १९ होते, त्यात अमेंड केलं की आणखी दोन. मालिका पहिल्या बिलाआधीच आखूड करा आणि '-१'साठी जागा सोडा.

प्लेटिंगच्या जॉबवर्कचं (माल बाहेर पाठवून काम करून घेण्याचं) पान मात्र लांबेल, आणि लांबू द्या. चौदाव्या आवृत्तीपासून त्यासाठी स्वतंत्र 'सबकॉन्ट्रॅक्टिंग ऑर्डर' आणि 'सबकॉन्ट्रॅक्टिंग रिसीट' आहेत, म्हणजे एका कामात चार-पाच दस्तऐवज येतात: पीओ, सबकॉन्ट्रॅक्टिंग ऑर्डर, माल पाठवण्याची स्टॉक एंट्री, परत आल्याची रिसीट, शेवटी प्लेटरचं बिल. एका पानात कोंबण्याऐवजी तीन पानं करा: माल पाठवताना, माल परत आल्यावर, बिल आल्यावर. प्रत्येक वेळी हातात वेगळा कागद आणि बहुधा वेगळा माणूस असतो. पहिल्या पानावर एक ओळ कायद्याची घाला: केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे पाठवलेला कच्चा माल एका वर्षात, यंत्रसामग्री असेल तर तीन वर्षांत परत यावी लागते. चलनाची तारीख बिनचूक का हवी, हे त्यातूनच समजतं.

स्क्रीनच्या चित्रांबद्दल. ती तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या लॉगिनमधून काढू नका. तुम्हाला दिसणारे निम्मे रकाने आणि मेनू स्टोअरकीपरला दिसतच नाहीत, मग तो चित्र आणि स्क्रीन जुळवत बसतो. त्याच्याच अधिकारांचं लॉगिन करून चित्रं काढा. अख्ख्या स्क्रीनचं चित्र टाळा, जो भाग हवा तेवढाच कापा, आणि एका पानावर दोनपेक्षा जास्त चित्रं नकोत. आवृत्ती बदलली की चित्रं सगळ्यात आधी शिळी होतात. तेरावरून चौदावर जाताना फॉर्म टॅबमध्ये विभागले गेले आणि जुनी चित्रं निरुपयोगी झाली. शब्दांत लिहिलेल्या पायऱ्या त्यातूनही बऱ्याचशा तगतात.

सरावासाठी वेगळी साइट हवीच. खऱ्या साइटचा बॅकअप दुसऱ्या साइटवर रिस्टोअर करा, म्हणजे आयटम, पुरवठादार, दर सगळं ओळखीचं दिसतं. पण रिस्टोअर झाल्याबरोबर, कोणालाही लॉगिन देण्याआधी, साइटच्या कॉन्फिग फाइलमध्ये ईमेल बंद करायची 'म्यूट ईमेल्स'ची नोंद घाला आणि शेड्यूलर (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) थांबवा. नाहीतर सरावात केलेला पीओ खऱ्या पुरवठादाराच्या मेलवर जाऊन पडेल. वर लोगोच्या जागी 'सराव' लिहिलेलं चित्र लावा. ग्राहकांचे दर सगळ्यांना दिसू नयेत असं वाटत असेल तर ते सराव साइटवर आधी बदलून घ्या.

शब्द निवडताना कारखान्यात जे बोलतात तेच लिहा. जीआरएन म्हणतात तर जीआरएन, साठा पावती वगैरे नको. बटणाचं आणि रकान्याचं नाव स्क्रीनवर जसं आहे तसंच.

पान तयार झालं की तपासायची एकच रीत मला भरवशाची वाटते. ज्याने हे काम पूर्वी स्क्रीनवर केलेलं नाही अशा माणसाला सराव साइटसमोर बसवा, खरा कागद आणि तुमचं पान हातात द्या, आणि गप्प बसा. तो अडला तरी सांगू नका. माउस जिथे घुटमळतो त्या पायरीवर पेन्सिलने खूण करा. तो मागे वळून तुमच्याकडे पाहतो ती जागा म्हणजे पानातली उणीव. "समजलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. दोन वेगवेगळी माणसं मदतीशिवाय शेवटच्या खातरजमेपर्यंत पोहोचली की पान भिंतीवर लावा.

क्रमाचं म्हणाल तर जीआरएन, इश्यू, उत्पादन, डिस्पॅच ही रोजची चार आधी. मग परत न फिरणाऱ्या निर्णयांचं पान. त्रुटींची पानं आधी ठरवून लिहू नका. फोन येईल तसं लिहा, त्याच दिवशी, संदेश अजून समोर असताना. पगार, मालमत्ता, प्रोजेक्ट हे मोड्यूल वापरात नसतील तर त्यांचा उल्लेखही नको.

प्रत्येक पानाच्या तळाशी सॉफ्टवेअरची आवृत्ती, शेवटचं तपासल्याची तारीख आणि पानाच्या मालकाचं पद लिहा: स्टोअरची पानं स्टोअर इन्चार्जची, तुमची नव्हेत. अपडेट करायच्या आधी सराव साइटवर नवी आवृत्ती चढवून रोजची पानं एकदा चालवून पाहा. चुकलेल्या पायऱ्या आधीच दिसतात.

शेवटी परवान्याचं, कारण तुम्ही अधिकृत मजकुराचा अनुवादही करताय. ईआरपीनेक्स्टचा कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे, आणि दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश आणि समान परवाना या अटींवर. कारखान्यात वापरायला काहीच अडचण नाही. पण अनुवाद बाहेर प्रसिद्ध केलात तर मूळ श्रेय द्या आणि तोच परवाना ठेवा. आणि जरूर प्रसिद्ध करा. कारखान्याचे दर, पुरवठादारांची नावं काढून टाकली की जीआरएन आणि जॉबवर्कची ही पानं सातपूर, सिन्नरच्या कितीतरी शॉपना जशीच्या तशी चालतील.